फळ्यावरचं अक्षर कुणाचं, अक्का?

अक्का, काल तुझ्या फोटोला हार घातला. तो एका बाजूला लटकला आणि मी तसाच राहू दिला. वाकडं काही तुझ्या डोळ्यांना चालायचं नाही, म्हणून मुद्दामच. तू असतीस तर पलंगावरून ओरडली असतीस, "सुमे, डोळे आहेत की बटणं?" आता ओरड की! मी थोडा वेळ फोटोसमोर उभीही राहिले. मग रडू आलं, आणि तेवढ्यात आत डाळ करपली.

सकाळपासून अख्ख्या बडोद्यातून बायका येताहेत. हरणीच्या आपल्या सोसायटीतल्या येताहेत, मांडवीच्या जुन्या शेजारणीही रिक्षा करून येताहेत. सगळ्यांचं एकच पालुपद, "बेनना हाथमां तो सरस्वती हती." मी मान डोलावते. त्या हातात एक लाकडी पट्टीपण होती, हे त्यांच्या लक्षात नाही. त्यांच्या पोरांच्या बोटांना विचारलं तर बोटं सांगतील. पण त्या पोरांना आता टक्कल पडलंय आणि तीही डोळे पुसतात. मार खाल्लेलं माणूस इतकं कसं विसरतं, मला कळत नाही.

तेव्हा तुझं कौतुक करायला माझी गरज नाही. मी आपलं भांडण पुरं करायला बसलेय, तुझ्याच टेबलाशी, तुझ्याच खुर्चीत. आणि एक गोष्ट सांगायची आहे, जी तू गेल्यानंतर मला कळली. ती मी शेवटी सांगेन. जन्मभर क्रम तू ठरवलास. आधी उभ्या रेघा, मग आडव्या, मग तिरप्या, मग अर्धगोल, आणि तोवर एकही अक्षर काढायचं नाही. आज क्रम माझा आहे, आणि तुला काही बोलता येणार नाही.

आई गेली तेव्हा मला पाटी कशी धरायची तेही येत नव्हतं. तू स्वतः जेमतेम विशीची. मला मांडीत घेऊन बसलीस, माझ्या मुठीवर तुझी मूठ ठेवलीस आणि माझ्याकडून 'ग' काढून घेतलास. मग 'म', मग 'भ', मग 'न'. तुझ्या हाताला तेव्हा शिकेकाईचा वास यायचा. मी रडायला लागले की तू माझा हात सोडायची नाहीस, उलट घट्ट धरायचीस आणि म्हणायचीस, "आधी अक्षर पुरं कर, मग आईसाठी रड." हे प्रेम होतं की दुष्टपणा, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. दोन्ही असणार. पण माझ्या हाताला जे काही येतं ते तू दिलंस, हे मी कबूल करते. काल कॅलेंडरवर 'गॅस लावला' असं लिहिलं आणि ते अक्षर बघून दचकले, कारण ते हुबेहूब तुझं होतं.

गुजरात वेगळं झालं आणि अप्पांच्या ऑफिसातले निम्मे मराठी लोक मुंबई-पुण्याकडे निघाले. अप्पा म्हणाले, बडोदं सोडून कुठं जायचं? राहिलो. मागे राहिलेल्या घरांतली मुलं गुजराती शाळेत जायला लागली आणि त्यांच्या आया घाबऱ्या झाल्या. पोरं मराठी लिहायची तर अक्षरांच्या डोक्यावर रेघच नाही! गुजरातीत ती नसतेच, त्यांचा काय दोष? पण तुझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. "घर बांधलं आणि छप्पर विसरला? पाऊस आला की भिजेल ना रे!" तुझा क्लास सुरू झाला तो या रेघेपायी. मग आपलीच कशाला, गुजराती घरांतली मुलंही यायला लागली, संस्कृत-हिंदीचं अक्षर सुधारायला. मांडवीतल्या त्या वरच्या खोलीत संध्याकाळी जिन्यावर इतक्या चपला व्हायच्या की खालचा कापडवाला शिव्या घालायचा.

आणि काय ती तुझी शिस्त! करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटून त्यात चिंचोका धरायचा, म्हणजे लिहायला तीनच बोटं मोकळी राहतात. चिंचोका पडला की पट्टी. पेन्सिल घट्ट आवळली की पट्टी. शब्द पुरा झाल्याशिवाय वरची रेघ मारायची नाही, आणि मारायची ती एका दमात, मध्ये हात उचलायचा नाही. ओळ झाली की तू शिवणाचा दोरा काढायचीस, दोन्ही हातांनी ताणून रेघेवर धरायचीस आणि पोरं श्वास रोखून बसायची. दोऱ्याच्या वर-खाली जरा काही दिसलं की तळहाताने सगळी पाटी पुसून टाकायचीस. "कोंबडीचे पाय! पुन्हा." एका मुलानं भीतीनं चड्डी ओली केली, तर तू त्याला पुसायला फडकं दिलंस आणि म्हणालीस, "पुसतानाही सरळ पूस." मी हसले होते, अक्का. आता ते आठवलं की हसू येतं आणि लाजही वाटते.

तुझ्या तोंडून कौतुक कुणी ऐकलं असेल तर शपथ! पान अगदी छापल्यासारखं आलं की तू म्हणायचीस, "चालेल." तेवढ्या 'चालेल'साठी पोरं जीव टाकायची. आणि खरंच, महिन्या-दोन महिन्यांत सगळ्यांची अक्षरं देखणी व्हायची. एकसारखी देखणी. दोन पोरांच्या वह्या अदलाबदल झाल्या तर त्यांना स्वतःलाही कळायचं नाही. तू ते अभिमानानं सांगायचीस. मी एकदा म्हटलं, "अक्का, प्रत्येकाचं अक्षर थोडं वेगळं नको का?" तू माझ्याकडे असं बघितलंस, जणू मी देवघरात चप्पल घालून आले होते. "वेगळं म्हणजे चुकलेलं," म्हणालीस. विषय संपला.

माझी नंदू तुझ्याच हाताखाली शिकली. मी माझ्या हातानं आणून दिली, कारण मला दुसरं कोण ठाऊक होतं? सगळ्यांत लवकर तिनं उचललं. तू तिला 'चालेल'च्या पुढे जाऊन एकदा "बरं आहे" म्हणालीस आणि पोरगी घरी नाचत आली. तिच्या बाबांची रिफायनरीत पाळी होती, ते दमून झोपले होते, त्यांना उठवून पाटी दाखवली.

आता त्या दिवसाचं. तुला नको असेल तरी ऐक.

नंदू गावातल्या मराठी शाळेत तिसरीत होती. शाळेतून शिपाई तुला बोलवायला आला आणि मीही मागोमाग निघाले. वर्गात गेलो तर मोठ्या बाई उभ्या, चित्रकलेच्या बाई खुर्चीत बसून नाकाला रुमाल लावलेल्या, आणि फळ्यावर अतिशय सुरेख अक्षरात लिहिलेलं, "चित्रकलेच्या बाईंना मिशा आहेत." वरची रेघ एका दमात मारलेली. दोरा लावायचीही गरज नव्हती.

मोठ्या बाई म्हणाल्या, "अक्का, हे तुमच्याच मुलांपैकी कुणाचं तरी."

"अर्थात," तू म्हणालीस. मी तुझ्या चेहऱ्याकडे बघत होते. तुला राग आला नव्हता. तू खूश होतीस!

त्या वर्गातली तुझी सगळी मुलं रांगेत उभी केली होती आणि मोठ्या बाईंनी शहाणपणा करून प्रत्येकाकडून तेच वाक्य खाली लिहून घेतलं होतं. म्हणजे फळ्यावर ओळीवर ओळ, चित्रकलेच्या बाईंना मिशा आहेत, चित्रकलेच्या बाईंना मिशा आहेत, आणि सगळ्या ओळी अगदी सारख्या. चित्रकलेच्या बाई प्रत्येक ओळीला नव्यानं रडत होत्या. मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडात कोंबला. मला काय माहीत, पुढे काय वाढून ठेवलंय.

"आम्हाला काही कळत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुम्ही ओळखाल."

तू चष्मा काढलास, पुसलास, लावलास. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाललीस. परत आलीस. मग सगळ्यांत वरच्या ओळीवर बोट ठेवून तू म्हणालीस, "हे नंदूचं."

पोरगी पांढरी पडली. "मी नाही, मावशी." तू तिच्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. मोठ्या बाईंनी तिला कबूल करायला सांगितलं, ती नाहीच म्हणत राहिली. म्हणून तिला स्टुलावर उभं केलं आणि अख्खा फळा भरेपर्यंत लिहायला लावलं, "मी खोटं बोलते." बाकीचे वर्ग दारात गोळा झाले. ती रडत होती, नाक ओढत होती, आणि प्रत्येक ओळ सरळ, प्रत्येक रेघ एका दमात. तुझी शिकवण! मी तिला खाली उतरवायला पुढे झाले तर तू माझं मनगट धरलंस आणि म्हणालीस, "पुरं करू दे."

घरी आल्यावर मी पदर खोचून तुझ्या अंगावर आले. जिन्यात सगळी चाळ ऐकत होती. तुला कैदाशीण म्हणाले, वांझ म्हणाले. वांझ म्हणाले ते मागे घेत नाही, कारण तूही मला तेव्हा कमी बोलली नाहीस. मी विचारलं, "तुला खरंच ओळखता आलं का? देवाशपथ सांग." तू म्हणालीस, "मला नाही येणार तर कुणाला येणार?" आणि कपाटातून पाटी काढून पुसायला लागलीस.

नंदूनं तेव्हापासून अक्षर मोडायला सुरुवात केली. आधी वरची रेघ सोडली. मग अक्षरं एकमेकांवर चढवली, पाय तोडले, गाठी सोडवल्या. तू तिच्या बोटांवर पट्टी मारायचीस आणि ती तुझ्याकडे टक लावून बघत आणखी वाकडं काढायची. शेवटी मी तिला क्लासमधून आणि त्या शाळेतूनही काढलं, सयाजीगंजकडे इंग्रजी शाळेत घातलं. ती पुढे मोठी झाली, बंगळूरला गेली. तिची सही म्हणजे एक ओढलेली रेघ. मराठी ती बोलते, पण लिहीत नाही. तू म्हणायचीस, "पोरगी वाया गेली." मी म्हणायचे, "तू घालवलीस." दिवाळीला, संक्रांतीला, ह्यांच्या तेराव्यालासुद्धा, आपलं हे ठरलेलं. ह्यांच्या मागे मी एकटी राहू नये म्हणून तू मांडवीची खोली सोडून हरणीला माझ्याकडे आलीस, माझं दुखणंखुपणं काढलंस, क्लास इथल्या हॉलमध्ये भरवलास. जिवाला जीव दिलास. पण 'चुकलं' म्हण म्हटलं की तोंडात मूग.

मग या दिवाळीनंतर मी एक डाव टाकला. तू जेवणाच्या टेबलाशी वाटाणे सोलत होतीस. मोतीबिंदू काढल्यावर तुझी नजर छान झाली होती, तेव्हा तीही सबब नव्हती. मी तुझ्यासमोर कागद मांडले, सगळ्यांवर एकच वाक्य, "आज आकाश निरभ्र आहे." एक तुझ्या हातचा, एक माझ्या, एक क्लासमधल्या जिनलचा. म्हटलं, "अक्का, यातलं तुझं कुठलं?"

तू हसलीस. "माझ्या तोंडावर माझी परीक्षा घेतेस होय?" एक शेंग सोलून पुरी केलीस. मग कागद जवळ घेतलेस. मग एकेक उचलून खिडकीकडे नेलास. तुझं हसू हळूहळू कमी होत गेलं आणि मी ते बघत बसले. मला मजा येत होती, अक्का. लपवत नाही. शेवटी तू एका कागदावर बोट ठेवलंस, "हे माझं."

"ते जिनलचं आहे," मी म्हटलं. "पहिलीतल्या जिनलचं. तिला अजून नाडीची गाठ मारता येत नाही."

तू तो कागद पालथा ठेवलास. मग वाटाण्याची टोपली बाजूला सारलीस आणि म्हणालीस, "सुमे, मला तेव्हाही कळलं नव्हतं."

"मग नाव का घेतलंस?"

"सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्याच मुलांचं अक्षर मला ओळखता येत नाही म्हणू? दुसऱ्या दिवसापासून पोरं कुणी पाठवली असती?"

"पण नंदूच का, अक्का?"

"दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर त्याची आई दारात येऊन तमाशा करती. नंदू घरची. तू काय करणार होतीस? चार दिवस बोलली नसतीस."

"मी अजून बोलतेय, अक्का."

"हो," म्हणालीस, "तेवढा अंदाज चुकला."

असं म्हणालीस! मला टोपली उचलून तुझ्या डोक्यात घालावीशी वाटली. त्याऐवजी मी फोन उचलला. म्हटलं, हे तिला सांग, तुझ्या तोंडानं. तू मान हलवलीस. मी नंदूला फोन लावून तुझ्या हातात दिला आणि समोर बसून राहिले. तू विचारलंस, जेवलीस का? थंडी आहे का तिकडे? मग जरा थांबून, "अक्षर कसं आहे गं तुझं आता?" नंदू पलीकडून म्हणाली, "मावशी, मी हातानं लिहीतच नाही." तू फोन कानापासून लांब धरलास, माझ्याकडे बघून म्हणालीस, "मग हिला सांगून काय उपयोग?" आणि फोन मला परत दिलास.

त्यानंतर मी तुझ्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढायचे, औषध ठेवायचे, तोंड उघडायचे नाही. तुला सहन होत नाही हे दिसत होतं आणि मी तुला ते सोसायला लावलं. मग एका सकाळी तू न्हाणीघराच्या दारात भिंतीला धरून उभी राहिलीस. केस मोकळे, चेहरा एवढासा झालेला. "सुमे, चुकलं गं माझं. लेकराचा सोन्यासारखा हात होता. मी मोडला." आणि माझ्या देखत, जन्मात पहिल्यांदा, तू रडलीस. लहान पोरासारखं, नाक ओढत. मी तुला धरून पलंगावर बसवलं. पुढच्याच आठवड्यात तू गेलीस, झोपेत, कुणाला त्रास न देता.

नंदू विमानानं आली तोवर तुला नेलं होतं. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात तिला मुगाची खिचडी वाढली आणि सगळं सांगितलं. कागद, जिनल, 'घरची म्हणून', न्हाणीघराचं दार, सगळं. अगदी रंगवून सांगितलं. म्हटलं, "घे, तुला न्याय मिळाला." तिनं ताट बाजूला सारलं.

"आई, फळ्यावर मीच लिहिलं होतं."

मला वाटलं, शोकानं काहीतरी बरळतेय. ती खाली मान घालून बोलत राहिली. चित्रकलेच्या बाई वर्गात म्हणाल्या होत्या, अक्कांच्या क्लासची पोरं म्हणजे छापखाना, एकालाही आंबा नीट काढता येत नाही. सगळे हसले. नंदूला तुझ्यासाठी राग आला, अक्का. तुझ्यासाठी! मधल्या सुट्टीत तिनं लिहिलं. "मग मावशी आली, सगळ्या ओळी बघितल्या आणि बरोबर माझ्यावर बोट ठेवलं. मला वाटलं, हिच्यापासून काही लपत नाही. इतकी घाबरले की हो म्हणताच येईना. नंतर अक्षर मोडून टाकलं. परत तिनं ओळखायला नको म्हणून."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस? इतकी वर्षं?"

"तू माझ्यासाठी मावशीला काय काय बोललीस, सगळी चाळ ऐकत होती. मग कसं सांगणार? दर वर्षी आणखी अवघड होत गेलं."

मी तिच्या थोबाडीत मारली. एवढ्या घोड्या पोरीच्या. मग तिला जवळ घेतलं आणि आम्ही दोघी तिथंच ओट्याखाली बसून राहिलो.

तर हे सांगायचं होतं. तू खोटं बोललीस, पण नाव बरोबरच घेतलंस, आणि ते तुलाही माहीत नव्हतं. त्या पोरीनं तरी कायम मानलं की तू ओळखलंस. तुला तेवढं कळलं असतं तर तू वाटाणे सोलता सोलता म्हणाली असतीस, "बघ, सांगत नव्हते?" आणि पुढची दहा वर्षं मला त्यावरून टोचून खाल्लं असतंस. त्याऐवजी मी तुझ्याकडून 'चुकलं' म्हणवून घेतलं, आणि तू तेच घेऊन गेलीस.

तू न्हाणीघराच्या दारात ते म्हणालीस, त्या दुपारी मी शिरा केला होता, आठवतं? केळं घालून, भरपूर तूप सोडून. माझ्या जिवाला इतकं गार वाटत होतं की हातून साखर जास्त पडली. तू पलंगावर टेकून दोन घास खाल्लेस आणि विचारलंस, "आज काय विशेष?" मी म्हटलं, "काही नाही गं, रवा उरला होता."